मुलांचे हक्क, जिनिव्हापासून वाघोलीपर्यंत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात पालकसभा, सोसायट्यांची क्लबहाउसं, वस्तीतल्या अंगणवाड्या अशा ठिकाणी मला बालहक्कांवर बोलायला बोलावतात. भाषण चालू असताना कुणी काही विचारत नाही. चहा आला की एकेक जण शेजारी येऊन हळूच विचारतो, आणि ते प्रश्न गेली कित्येक वर्षं तेच आहेत. एकदाचे लिहून काढावेत म्हटलं. हा वकिली सल्ला नाही. तुमच्या घरचंच प्रकरण असेल तर कागदपत्रं घेऊन वकिलाला किंवा बालकल्याण समितीला गाठा.

मानवी हक्क सगळ्यांनाच आहेत. मग मुलांचे वेगळे कशाला?

मोठ्या माणसाला आपला हक्क निदान मागता तरी येतो. तो मत देतो, मोर्चा काढतो, वकील करतो, अगदीच झालं तर काम सोडून निघून जातो. मुलाला यातलं काही जमत नाही. शिवाय कित्येकदा ज्याच्यापासून धोका असतो, त्याच्याच हातचं त्याला जेवायचं असतं.

वाघोलीच्या एका बांधकामावर मी एक मुलगी पाहिली. दोन सळयांना जुन्या लुगड्याची झोळी बांधून ती धाकट्याला झोके देत होती. वय विचारलं तर म्हणाली, "आई म्हणती, पोळ्याला झाले." कितव्या पोळ्याला, ते आईलाही नक्की सांगता येईना. जन्मदाखला नव्हता. मुकादमाच्या हजेरीवहीत आईबापांची 'जोडी' म्हणून एक ओळ होती. ही मुलगी कुठल्याच वहीत नव्हती. शाळेच्या नाही, अंगणवाडीच्या नाही, दवाखान्याच्या नाही. उद्या ती तिथून नाहीशी झाली असती तर कुणाच्या हिशेबात एकाचाही फरक पडला नसता.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेतलं सातवं कलम म्हणतं, की मूल जन्मल्याबरोबर त्याची नोंद झाली पाहिजे, त्याला नाव आणि राष्ट्रीयत्व मिळालं पाहिजे. मी पूर्वी हे कलम भराभर वाचून पुढे जायचे. आता तिथेच सगळ्यात जास्त वेळ थांबते.

ही संहिता म्हणजे नक्की काय? कुणी लिहिली?

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनी-ऑस्ट्रियातली मुलं उपाशी मरत होती. शत्रूच्या मुलांना अन्न द्या, असं सांगणारी पत्रकं लंडनमध्ये वाटल्याबद्दल एग्लंटाइन जेब या बाईंना १९१९ साली दंड झाला. त्याच वर्षी त्यांनी 'सेव्ह द चिल्ड्रन' ही संस्था काढली. त्यांनी लिहिलेला मुलांच्या हक्कांचा छोटासा जाहीरनामा १९२४ मध्ये राष्ट्रसंघाने जिनिव्हात स्वीकारला. पुढे २० नोव्हेंबर १९५९ ला संयुक्त राष्ट्रांनी दुसरा जाहीरनामा काढला. पण जाहीरनामा म्हणजे शुभेच्छापत्र. पाळला नाही तर विचारणार कोण?

बंधनकारक करार व्हावा ही सूचना १९७८ मध्ये पोलंडने मांडली. वॉर्सातल्या अनाथाश्रमाचे डॉक्टर यानुश कोर्चाक १९४२ मध्ये आपल्या मुलांना सोडून न जाता त्यांच्याबरोबरच ट्रेब्लिंकाच्या छळछावणीत मारले गेले, तो हा देश. मसुद्यावर दहा वर्षं घासाघीस झाली आणि २० नोव्हेंबर १९८९ ला महासभेने हा करार, म्हणजेच ही संहिता, मंजूर केला. तो २ सप्टेंबर १९९० पासून लागू आहे. त्यात ५४ कलमं आहेत आणि १९६ पक्ष देश त्याला बांधलेले आहेत. अमेरिकेने १९९५ मध्ये सही केली, पण पुढची मान्यता आजवर दिलेली नाही. त्यामुळे अमेरिकेचं उदाहरण देऊन कुणी बालहक्क शिकवू लागलं की मला जरा हसू येतं.

हे सगळं पाश्चात्त्य खूळ आहे असं नाही का वाटत?

हा प्रश्न सदाशिव पेठेत हमखास येतो. उत्तर द्यायला तिथून बुधवार पेठेपर्यंत चालत गेलं तरी पुरे. १८४८ साली भिडेवाड्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली. १८६३ मध्ये त्यांनी पुण्यातच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. गरोदर विधवेने तिथे यावं, बाळंत व्हावं, मूल न्यायचं तर न्यावं नाहीतर ठेवून जावं. तिथे जन्मलेल्या यशवंतला त्यांनी दत्तक घेतलं. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. म्हणजे जेबबाईंच्या जाहीरनाम्याच्या ४२ वर्षं आधी. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये त्यासाठी विधेयकही आणलं. पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं.

अर्थात पुणं दुसऱ्या बाजूलाही होतं. १८९१ मध्ये संमतिवयाचं विधेयक आलं तेव्हा शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय दहावरून फक्त बारावर न्यायचं होतं. त्याला पुण्यातून कडवा विरोध झाला आणि टिळक त्यात पुढे होते. परक्या सरकारने आमच्या धर्मात लुडबुड करू नये, हा त्यांचा मुद्दा. आजही 'हा आमच्या घरातला प्रश्न आहे' असं कुणी म्हणालं की मला ते विधेयक आठवतं. तेव्हा खूळ असलंच तर ते दोन्हीकडचं, आणि दोन्हीकडे इथलीच माणसं.

भारताने यावर सही केली आहे का?

हो. ११ डिसेंबर १९९२ ला भारत करारात सामील झाला. पण बालमजुरीच्या बत्तिसाव्या कलमाबद्दल एक निवेदन जोडून: कामाचं किमान वय सगळीकडे एकदम लागू करणं शक्य नाही, टप्प्याटप्प्याने करू. हे टप्पे फार लांबले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे किमान वयाचा आणि बालमजुरीच्या सर्वांत वाईट प्रकारांचा असे दोन्ही करार भारताने १३ जून २०१७ ला स्वीकारले. त्यातला पहिला १९७३ चा होता.

संहितेला नंतर तीन पुरवण्या जोडल्या गेल्या. सशस्त्र संघर्षातली मुलं, आणि मुलांची विक्री व लैंगिक शोषण, या दोन्हींना भारताने २००५ मध्ये मान्यता दिली. तिसरी पुरवणी, म्हणजे संहितेवर देखरेख ठेवणाऱ्या जिनिव्हाच्या समितीकडे मुलांना थेट तक्रार करता येण्याची, भारताने स्वीकारलेली नाही.

म्हणजे पुण्यातल्या मुलाला जिनिव्हात तक्रार करता येणार नाही?

भारताविरुद्ध नाही. गंमत बघा: २०१९ मध्ये १६ मुलांनी हवामानबदलावरून तक्रार केली, त्यात ग्रेटा थुनबर्ग होती आणि आपल्या हरिद्वारची रिधिमा पांडेही होती. तक्रार मात्र अर्जेंटिना, ब्राझील, फ्रान्स, जर्मनी आणि तुर्कस्तान या देशांविरुद्ध होती, कारण त्यांनी ती पुरवणी स्वीकारली होती. २०२१ मध्ये समितीने सांगितलं, की आपल्या हद्दीतल्या धुराने परदेशातल्या मुलाचं नुकसान झालं तर त्याची जबाबदारी देशावर येऊ शकते; पण आधी त्या-त्या देशातली कोर्टं चढून या. तक्रार समितीने विचारात घेतली नाही.

मग जिनिव्हाची समिती करते काय? अहवाल वाचते?

मुख्यतः तेच करते, आणि त्याला नाक मुरडू नका. समितीत १८ स्वतंत्र तज्ज्ञ असतात. करारात आल्यावर दोन वर्षांत आणि मग दर पाच वर्षांनी प्रत्येक देशाने आपल्या मुलांचा हिशेब तिथे द्यायचा असतो. सरकारी अहवालाबरोबर संस्थांचे पर्यायी अहवालही जातात, म्हणजे सरकारने गाळलेलं समितीच्या टेबलावर येतंच. मग समिती सरकारला समोर बसवून विचारते. भारताच्या अहवालावर तिने शेवटची निरीक्षणं दिली ती २०१४ मध्ये.

पोलिस नाहीत, तुरुंग नाही. ज्यांना दात हवेत त्यांनी हेगकडे बघावं. १५ वर्षांखालच्या मुलांना लढाईत उतरवल्याबद्दल काँगोच्या थॉमस लुबांगाला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०१२ मध्ये दोषी ठरवून १४ वर्षांची शिक्षा दिली. मार्च २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने युक्रेनच्या मुलांना बेकायदा रशियात नेल्याच्या आरोपावरून पुतिन यांच्या अटकेचं वॉरंट काढलं. लुबांगा तुरुंगात गेला, पुतिन यांना कुणी हात लावलेला नाही. आंतरराष्ट्रीय संरक्षण कुठपर्यंत पोचतं, ते या दोन नावांत दिसतं.

असल्या कराराचा इथल्या कोर्टात काय उपयोग?

वाटतो त्यापेक्षा जास्त. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा उघडा, त्याच्या प्रस्तावनेतच ११ डिसेंबर १९९२ ही तारीख छापलेली आहे. २०१५ चा बाल न्याय कायदाही याच संहितेचा हवाला देऊन सुरू होतो. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १५ ते १८ वयाच्या पत्नीशी संबंध हा बलात्कार नाही ही जुनी सूट मोडून काढली, तेव्हाही भारताने आंतरराष्ट्रीय करारांत दिलेला शब्द विचारात घेतला गेला. जिनिव्हाचा कागद असा झिरपत झिरपत शिवाजीनगर कोर्टाच्या फाइलपर्यंत येतो. वेळ लागतो, ही वेगळी गोष्ट.

मूल म्हणजे किती वर्षांपर्यंत? १४, १८ की २१?

संहितेप्रमाणे १८. पोक्सो आणि बाल न्याय कायद्यातही १८. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क ६ ते १४. कामाला ठेवायला १४ पर्यंत बंदी, धोक्याच्या कामाला १८ पर्यंत. लग्नाला मुलगी १८, मुलगा २१. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हाच ठरत नाही. सात ते बारा या वयात त्याला आपण काय करतोय याची समज होती का, ते पाहतात. हे वयांचं कडबोळं आहे खरं.

सिग्नलवरच्या मुलांना पैसे द्यावेत की नाही?

मी देत नाही. कारण कठोर असण्याचं नाही, हिशेबाचं आहे. फुगे, पेन किंवा काच पुसायचं फडकं घेऊन जे मूल तुमच्या खिडकीशी येतं, त्याच्या कमाईवर दुसऱ्या कुणाची तरी नजर असू शकते. मुलाला भीक मागायला लावणाऱ्याला बाल न्याय कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपये दंड आहे. बिस्किटाचा पुडा द्या, नाव विचारा, आणि रोज त्याच चौकात तेच मूल दिसत असेल तर १०९८ या मुलांच्या मदतवाहिनीला कळवा. मुलांना ओरडू नका, काच वर करून तोंड फिरवू नका. एवढं तर जमतं.

यावर एका आजोबांनी मला सुनावलं होतं, "अहो, पण त्याला आत्ता भूक लागलीय त्याचं काय?" त्यांचं चुकलं नव्हतं. म्हणून बिस्किटाचा पुडा.

शेजारच्या फ्लॅटमध्ये बारा-तेरा वर्षांची मुलगी कामाला आहे. "गावाकडची नात्यातली आहे, शिकायला आणलीय" म्हणतात. काय करू?

ती शाळेत जाते का, एवढं बघा. दप्तर घेऊन सकाळी खाली उतरत नसेल आणि दुपारी गॅलरीत दुसऱ्याच्या बाळाला घेऊन उभी असेल, तर शिकायला आणलेलं नाही.

२०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामाला ठेवणं गुन्हा आहे. सहा महिने ते दोन वर्षं कैद, २० ते ५० हजार दंड. सूट दोनच: शाळा सांभाळून स्वतःच्या घरच्या धंद्यात मदत, आणि बालकलाकार. घरच्या धंद्याची ही सूट मला पटत नाही, कारण तिच्याआड काहीही झाकता येतं. पण दूरच्या नात्यातली म्हणून आणून धुणीभांडी करून घेणं त्यातही बसत नाही. मुलगी १४ ते १८ मधली असली तरी तिला डांबून ठेवणं, तिची कमाई दाबणं किंवा राबवून पिळणं यासाठी बाल न्याय कायद्याचं ७९ वं कलम आहे.

एक मात्र पाळाच: आधी दार वाजवून जाब विचारायला जाऊ नका. कोथरूडच्या एका सोसायटीत सेक्रेटरींनी भलेपणाने त्या घरी जाऊन 'समज' दिली. दुसऱ्या दिवशी मुलीला सोडवायला माणसं आली तेव्हा ती गावाला गेलेली होती. कुठल्या गावाला, ते घरमालकांना आठवेना.

१०९८ ला फोन केला तर माझं नाव येईल का? पुढे काय होतं?

दहा-नऊ-आठ हा नंबर १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाला. आधी संस्था चालवत, २०२३ पासून तो सरकारच्या महिला व बालविकास खात्याकडे आला आणि ११२ शी जोडला गेला. फोन फुकट आहे, रात्री दोनलाही लागतो. नाव सांगायचं नसेल तर तसं सांगा.

पलीकडची व्यक्ती मूल कुठे आहे, काय दिसलं, आत्ता धोका आहे का, एवढंच विचारेल. खूण नीट सांगा. 'हडपसरला एका हॉटेलात' असं सांगून कुणी पोचू शकत नाही. गल्ली, दुकानाची पाटी, मजला सांगा. मुलाला तिथून हलवलं तर २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे उभं करावं लागतं. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात आणि निर्णय त्यांचा: घरी पाठवायचं, बालगृहात ठेवायचं, की नातेवाइकांकडे. पोलिसांनी किंवा एखाद्या संस्थेने परस्पर ठरवायचं नसतं.

आणि हो, फोन झाल्यावर तक्रारीचा नंबर मागून लिहून ठेवा. नंबर हातात असला की दुसऱ्यांदा फोन करताना गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागत नाही, आणि 'असा फोन आलाच नव्हता' म्हणायची सोय कुणाला राहत नाही.

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या सोडतीत नंबर लागला तर शाळा नाही म्हणू शकते का?

नाही. विनाअनुदानित खासगी शाळेत प्रवेशाच्या वर्गातल्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांसाठी आहेत. दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत लागतं, वंचित घटकाला उत्पन्नाची अट नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली होती. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. त्या उन्हाळ्यात मध्यवर्ती इमारतीबाहेर कागदांची प्लॅस्टिकची पिशवी छातीशी धरून उभे असलेले पालक मी पाहिलेत.

दोन गोष्टी पालकांना माहीत नसतात. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही नाही. तिसरी आपणहून सांगते, कारण कुणी सांगत नाही: हा हक्क आठवीपर्यंतच आहे. नववीत पूर्ण फी भरावी लागते आणि कित्येक मुलं तिथेच गळतात. त्याची तयारी सहावीतच सुरू करा.

ऊसतोड मजुरांच्या मुलांचं काय? ती तर सहा महिने गावातच नसतात.

साखर आयुक्तालय पुण्यात, शिक्षण आयुक्तालय पुण्यात, महिला व बालविकास आयुक्तालयही पुण्यात. तिन्ही कचेऱ्या रिक्षाच्या अंतरावर. आणि बीडकडून आलेली मुलं बारामती-इंदापूर-दौंडच्या फडात वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करत असतात.

उसाच्या धंद्यात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजतात. मुकादम हंगामाच्या आधी उचल देतो आणि ती फिटेपर्यंत कोयता बांधला जातो. पहाटे चारला आईबाप फडात गेले की कोपीवर, म्हणजे झोपडीवर, धाकटी भावंडं, पाणी आणि भाकरी ही नऊ-दहा वर्षांच्या मुलीची कामं. तिला कुणी मजूर म्हणत नाही, तिला कुणी मजुरीही देत नाही. पण ती गेली नाही तर कोयता चालत नाही. पाहणीत ती 'शाळाबाह्य' या रकान्यात येते, 'बालमजूर' या रकान्यात येत नाही. मला विचाराल तर ती दोन्ही आहे.

कायदा काय सांगतो? स्थलांतरित मुलांना शाळेत घेणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे, म्हणजे जिथे कारखाना आहे तिथल्या शाळेने नाही म्हणायचं नाही. मुलांना गावातच ठेवता यावं म्हणून हंगामी वसतिगृहं आहेत, आणि २०२१ मध्ये राज्याने संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आणली. गावात आजी धडधाकट असेल तर मूल राहतं. नसेल तर वसतिगृह हंगाम सुरू व्हायच्या आत उघडलं तरच उपयोग. गाड्या निघून गेल्यावर कुलूप काढून काय करायचं?

शाळेत बाईंनी मारलं. तक्रार केली तर मुलालाच त्रास देतील का?

भीती खरी आहे, म्हणून लेखी द्या. आधी मुख्याध्यापकांना, पोच घेऊन. शाळेत सखी सावित्री समिती असायला हवी, राज्याचा २०२२ चा तसा निर्णय आहे. तिथेही द्या. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. कान पिळणं हे पहिल्यात येतं, वर्गासमोर 'तुझ्या बापाने फी भरली का' विचारणं हे दुसऱ्यात. शाळेने दाद दिली नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोग आहे.

पण आम्हीही छड्या खाऊनच मोठे झालो…

मीही. त्याने माझं गणित सुधारलं नाही.

मुलीने क्लासच्या सरांबद्दल काहीतरी सांगितलं. खरं असेल का? आधी खात्री करून घेऊ का?

नको. खात्री करणं तुमचं काम नाही, आणि पुन्हा पुन्हा विचारून तिच्या बोलण्याचीच मोडतोड होते. तिने जे शब्द वापरले तेच लिहून ठेवा, तारीख घाला. "तू सांगितलंस ते बरं केलंस" एवढं तिला म्हणा. 'तू तिथे गेलीसच का' हे वाक्य तोंडातून निघू देऊ नका.

पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. तो मुलगे आणि मुली दोघांसाठी आहे. मुलग्यांच्या बाबतीत घरचेच गप्प बसवतात, म्हणून मुद्दाम लिहिते. माहिती असून कळवलं नाही तर तोही गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. त्यामुळे 'शाळेचं नाव जाईल, आपसात मिटवू' म्हणणारा स्वतःच अडकतो.

जबाब घरी किंवा मुलीला बरं वाटेल तिथे घेतात, शक्यतो महिला अधिकारी, आणि गणवेश न घालता. रात्री मुलाला चौकीत ठेवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करतात. कोर्टात तिला आरोपीसमोर उभं करायचं नसतं. खटला शक्यतो वर्षात संपावा असं कायदा म्हणतो. हे 'शक्यतो' किती लांबतं ते कोर्टाच्या बाकावर बसलेल्यांना विचारा. पण जबाबाबाबतच्या या गोष्टी तुम्ही हक्काने मागा, मागितल्या की मिळतात.

कल्याणीनगरच्या अपघातातल्या मुलाला निबंध लिहायला सांगितला! हेच का बालहक्क?

मे २०२४ नंतर एकही सभा या प्रश्नाशिवाय गेलेली नाही. अल्पवयीन मुलाने चालवलेल्या गाडीखाली दोन तरुण जिवांचं मरण, आणि ३०० शब्दांच्या निबंधाच्या अटीवर जामीन. राग येणारच, मलाही आला.

पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवू. संहितेचं ३७ वं कलम म्हणतं, मुलाला कोठडी हा शेवटचा उपाय, आणि तोही कमीत कमी काळासाठी. आपल्या कायद्यात १६ च्या पुढच्या मुलाने घोर गुन्हा केला, म्हणजे ज्याची किमान शिक्षा सात वर्षं आहे असा, तर बाल न्याय मंडळ प्राथमिक पडताळणी करून खटला प्रौढ म्हणून चालवायचं ठरवू शकतं. या प्रकरणात पोलिसांनी तशी मागणी केली. जुलै २०२५ मध्ये मंडळाने ती फेटाळली. त्याआधी जून २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने जामिनानंतर पुन्हा निरीक्षणगृहात ठेवणं बेकायदा ठरवून मुलाला सोडायला सांगितलं होतं.

लोकांना खरा सल तो नाहीच. सल हा आहे, की येरवड्याच्या निरीक्षणगृहात मोबाइलचोरीसाठी आलेल्या वस्तीतल्या पोराला असा भराभर जामीन कुणी मिळवून देत नाही. तक्रार बरोबर आहे. त्यावरचा उपाय मात्र श्रीमंताच्या पोराचा हक्क काढून घेण्यात नाही. तोच हक्क, तेवढ्याच वेगाने, वस्तीतल्या पोराला मिळण्यात आहे. असं मी म्हणाले की हॉलमध्ये कुजबूज सुरू होते. होऊ द्या.

मुलगी अमेरिकेहून नातवाला घेऊन कायमची परत आली. जावई म्हणतात, हे अपहरण आहे. खरं का?

बाणेर-औंधला हा प्रश्न वाढलाय. मुलांना एका देशातून दुसऱ्या देशात परस्पर नेण्याबद्दल १९८० चा एक हेग करार आहे, पण भारत त्यात नाही. त्यामुळे परत पाठवणं आपोआप होत नाही. अमेरिकेतल्या कोर्टाचा आदेश असला तरी इथलं कोर्ट तो एक मुद्दा म्हणून बघतं आणि मुलाचं हित कशात आहे त्यावर ठरवतं. उलट अमेरिकेत तुमच्या मुलीवर कारवाई सुरू होऊ शकते, हे विसरू नका. जावयांशी बोलणं बंद करू नका, आणि नातवाला व्हिडिओ कॉल करू द्या. दोन्ही आईवडिलांशी संबंध ठेवणं हा त्याचा हक्क आहे, नवव्या कलमात तसं लिहिलंय.

मुलगा गाण्याच्या रिअॅलिटी शोला निवडला गेलाय. शूटिंग रात्री उशिरापर्यंत चालतं म्हणे.

नियमाने दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. कमाईतला किमान पाचवा हिस्सा मुलाच्या नावे मुदतठेवीत जायला हवा. करारावर सही करण्याआधी हे विचारा. विचारलं म्हणून कुणी मुलाला काढून टाकलं, तर तो शो नकोच होता.

बाप वारला, आई धुणीभांडी करते. मुलाला बालगृहात टाकावं का?

आधी नाही. गरिबी हे मुलाला घरापासून तोडायचं कारण असू नये. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत अशा मुलाला महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याकडे. कागदांची यादी लांब आहे, अंगणवाडीताईला बरोबर घेऊन जा.

हक्क शिकवले की मुलं डोक्यावर बसतात, हे तरी मान्य कराल?

बाराव्या कलमात मुलाचं म्हणणं ऐकून घ्या असं आहे, ते मानाच असं नाही. वय आणि समज पाहून त्याला वजन द्यायचं. माझ्या घरी हे कलम रात्री नऊनंतर मोबाइलबाबत वापरलं जातं. सुनावणी होते, निकाल बहुधा माझ्या बाजूने लागतो, आणि अपील सुरूच असतं.

त्या वाघोलीच्या मुलीचं पुढे काय झालं?

शाळेत दाखल झाली. कायद्याने दाखला लागत नाही हे मुख्याध्यापिकांना ठाऊक होतं, त्यामुळे वाद घालावा लागला नाही. जन्मतारखेच्या रकान्यात त्यांनी १ जून लिहिलं आणि वर्षाबद्दल आईला विचारलं. आईने तिच्या दातांकडे बघितलं, मग आमच्याकडे. आम्ही तिघींनी मिळून एक साल ठरवलं.

धाकट्याला अंगणवाडीत सोडून ती येऊ लागली. फेब्रुवारीपर्यंत आडनावासकट नाव लिहायला शिकली. एप्रिलमध्ये स्लॅबचं काम संपलं आणि ती बिऱ्हाडं हिंजवडीकडे गेली असं मुकादम म्हणाला. दाखला न्यायला कुणी आलं नाही. मुकादमाचा नंबर आता लागत नाही. तिचं नाव हजेरीपटावर अजून आहे. वर्गशिक्षिका रोज ते घेतात आणि पुढे 'गै' लिहितात.